घरच्यांना विचारलं का?

सिस्टर दारात आल्या तेव्हा वहिनींचं शिलाई मशीन चालूच होतं. सिस्टरनी पक्षाचं पत्रक त्यांच्यासमोर धरलं आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पक्ष निवडून आला तर साठी ओलांडलेल्या आजारी कैद्यांना घरी सोडणार होता. वहिनींनी ओळ वाचली. मशीन थांबलं.

सकाळपासून सिस्टर गल्लीत दारोदार फिरत होत्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका पत्रक न वाचताच म्हणाले होते, उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यात यांचं काय जातंय. निवृत्त मास्तरांनी मागच्या निवडणुकीत कबूल केलेल्या गटाराची चौकशी केली. दूधवाल्याच्या बायकोने पाळणाघर खरंच होणार का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. कैद्यांच्या ओळीवरून तर गल्लीत दोन तट पडले. मास्तरांच्या मते हे चोराच्या हाती किल्ल्या देणं होतं. काकांच्या मते मरायला टेकलेली माणसं कुणाचं काय वाकडं करणार? पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. वहिनींचे मात्र पांग फिटणार होते.

ती ओळ पत्रकात आली ती सिस्टरमुळेच. निवृत्त होईपर्यंत त्या तुरुंगाच्या दवाखान्यात होत्या. खोकून खोकून मरणारे म्हातारे त्यांनी पाहिले होते, म्हणून त्या पक्षाच्या बैठकीत हट्टाला पेटल्या होत्या. वहिनींचा नवरा त्याच वॉर्डात असायचा. रागाच्या भरात त्याने सख्ख्या भावाच्या डोक्यात गज घातला होता. पण सिस्टरना माहीत होता तो एक अशक्त, मऊ बोलणारा पेशंट. गोळी दिली की हात जोडायचा. बायकोने एकही भेट चुकवली नाही, हे ज्याला त्याला सांगायचा.

"आता भेटीला जायची दगदग संपली, वहिनी," सिस्टर म्हणाल्या.

वहिनी कापडावरची सुरकुती बोटांनी सारखी करत राहिल्या. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "तो गज माझ्यासाठी उचलला होता, सिस्टर. भावजी मध्ये पडले. मी भेटीला जाते ती तो अजून आत आहे, एवढं डोळ्यांनी बघायला. मग महिनाभर झोप लागते."

सिस्टर खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत हे बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्यावर वहिनी म्हणाल्या की सगळे नवऱ्याची तब्येत विचारायचे. दुसरं काही कुणी विचारलंच नाही. मग त्यांनीच विचारलं, "सोडताना घरच्यांना विचारणार आहेत का?"

सिस्टर खुर्चीतून उठल्या. त्या तडक पक्षाच्या कार्यालयात गेल्या. सोडण्याआधी घरच्यांना विचारू, एवढंच एक वाक्य त्यांना घालून हवं होतं. कार्यालयप्रमुखांनी त्यांना चहा पाजला. सभांमध्ये त्या ओळीला टाळ्या पडतायत, तेव्हा आता तिला हात नको, निवडून आल्यावर बघू, असं समजावलं. सिस्टरनी उरलेली पत्रकं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या. म्हाताऱ्यांनी वॉर्डात मरू नये, असं त्यांना अजूनही वाटत होतं. हीच तर पंचाईत होती.

वहिनींना विचारून सिस्टर पुन्हा एकदा दारोदार फिरल्या. या वेळी मत मागायला नाही. प्रत्येक घरात दार लोटून घेऊन थोडंसंच बोलल्या. काकांनी ऐकता ऐकता डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

पक्ष निवडून आला. गटार झालं नाही. पाळणाघराची जागा ठरता ठरेना. कैद्यांचं काम मात्र झटपट झालं, त्याला नुसती सही पुरत होती. सही होण्याआधीच दूधवाल्याच्या टेम्पोतून वहिनी आणि त्यांचं मशीन सिस्टरच्या भाचीच्या गावी पोचलं होतं.

एका दुपारी तो पिशवी घेऊन गल्लीत आला. वहिनींच्या दाराला कुलूप होतं. काकांना विचारलं, तर तीस वर्षं त्याच दुकानात बसलेले काका म्हणाले की मी इथे नवा आहे. खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं करणारे मास्तर म्हणाले, असं नाव कधी कानावर आलं नाही. दूधवाल्याच्या बायकोने नुसती मान हलवली.

शेवटी तो सिस्टरच्या दाराशी आला. त्यांना ओळखताच त्याचा चेहरा उजळला. त्याने हात जोडले. सिस्टरनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खाट ठरवली आहे, तिथे डॉक्टर येतात, हेही सांगितलं. त्याने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत," तो मऊपणे म्हणाला. "ती कुठे आहे?"

सिस्टरनी नाडी बघायला त्याचं मनगट हातात घेतलं.

"अशी कोणी इथे राहतच नव्हती," त्या म्हणाल्या.

तो हसला, ठीक आहे म्हणाला, आणि त्याचा अशक्त हात सिस्टरच्या बोटांखाली हळूहळू आवळत मूठ झाला.