ऐकणारी कॅप

येवल्यात पैठणी विणणाऱ्या द्रौपदाबाईंचा पुढचा दात निम्मा झिजला होता. तीस वर्षं त्या रेशमाचा धागा त्याच दातानं तोडत आल्या होत्या.

"मावशी, कॅपच बसवा. कारखान्यातल्या सगळ्यांनी मालकाच्या खर्चानं बसवलीय," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर मागावरची कुजबुज मालकाला ऐकू जाते! संपाचं बोलली म्हणून शेवंताला कामावरून काढलं. चहाडी तिच्याच दातानं केली."

"मग व्हेनिअर लावू. दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा असतो, त्यात ऐकणारं यंत्र मावत नाही. पण धागा तोडलात तर टवका उडेल."

"कात्री घेईन. व्हेनिअरच लावा. आणि उद्या शेवंताला आणते, तिची कॅप काढा. फक्त काढण्याआधी तिला 'आ' करायला सांगा. मालकाला मला चार शब्द ऐकवायचेत."