दारातला जिना

बँकॉकच्या वेशीवरच्या ओस पडलेल्या बाजारपेठेत लमाईच्या नूडलच्या दुकानाकडे कुणी फिरकेनासं झालं, तेव्हा दारातल्या वास्तुदेवापुढे लाल सरबत ठेवून ती नवस बोलली, "देवा, मेट्रोचा जिना माझ्याच दारात उतरव. डुकराचं अख्खं मुंडकं वाहीन!"

वर्षभरात मेट्रो मंजूर झाली. नकाशा घेऊन मेट्रोचे साहेब दुकानात आले.

"मावशी, जिना अगदी इथंच उतरणार. पुढल्या महिन्यात दुकान पाडायचंय."

"अहो, मग मी जाऊ कुठं?"

"जागा भाड्याची ना? मग भरपाई मालकाला."

***

दुकान पाडायच्या आदल्या दिवशी लमाईनं नूडलच्या पातेल्यात डुकराचं मुंडकं उकडायला टाकलं. देव पावला होता, नवस फेडणं भाग होतं.