पायातली लाल पट्टी

“दिवसाला सहा लंगोट भिजले, की लेकरू पोटभर प्यालं समज गं,” असं सुईण तान्हाबाई वेणूच्या लहानपणी ओट्यावर बसून सांगायची. वेणूच्या नऊ दिवसांच्या लेकीचे सहाही भिजत होते. पण लेकीच्या पायातली, पोटात गेलेलं दूध मोजणारी पट्टी तीन दिवस लाल होती, म्हणजे दूध कमी पडत होतं. तीन दिवस लाल राहिली, की बाळ सरकारी पोषणघरात न्यायचं, असा कायदा होता.

भर दुपारी शिपायांनी लाथेनं दार फोडलं. एकानं बाळ उचललं. वेणूनं वरवंटा त्याच्या मनगटावर घातला, तसं हाड कडकन वाजलं. दुसऱ्यानं तिला केसाला धरून भिंतीवर आपटलं.

“उपाशी मारतेस पोरीला?”

“मुडद्या, चोळी बघ माझी, पान्ह्यानं चिंब झालीय! तीच तोंड लावत नाही!”

कपाळातलं रक्त ओघळत त्या ओल्या चोळीत उतरलं. पहिला शिपाई धड हातानं बाळाला छातीशी धरून उंबऱ्याशी पोचला, तेव्हा वेणूच्या सासूनं, भागूबाईनं, त्याचे पाय कवटाळले. त्यानं लाथ मारली, तरी तिनं सोडले नाहीत.

“तिला मारू नका,” ती म्हणाली. “मीच चोरून वाटी वाटी मधाचं पाणी पाजत होते. आमच्यात बारशापर्यंत पाजतात. भरल्या पोटी पोर दूध कशाला ओढेल?”