आजीचं खातं

लेकीच्या लॅपटॉपने पुन्हा सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

"मांजराचं नाव घालून बघा," बायको म्हणाली.

"घातलं."

"माझं?"

"तुझं घातलं, माझंही घातलं." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "माझं नसणार, ते माहीतच होतं म्हणा."

लेक सकाळपासून घरात नव्हती. फोन बंद करून उशीखाली ठेवलेला, पाकीट टेबलावर तसंच. काल संध्याकाळी बापलेकीची चांगलीच जुंपली होती. सुरुवात परीक्षेच्या निकालावरून झाली आणि गाडी नेहमीसारखी सगळ्यावर घसरली. "लॅपटॉप अपडेट कर म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतोय, तेवढंही होत नाही तुझ्याच्याने! माझी एक गोष्ट ऐकशील तर शपथ!" यावर लेक भांडली नाही. "मी नसले ना बाबा, की तुमची सगळी कटकट मिटेल," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. रात्री ते वाक्य कुणाला टोचलं नाही. सकाळी रिकामं अंथरूण दिसलं तेव्हा टोचलं.

मैत्रिणींना विचारून झालं होतं. पोलीस चौकीत सांगून झालं होतं. ती कुणाशी बोलली, कुठे जाते म्हणाली, ते सगळं आता या मिटल्या पडद्यामागे होतं.

"अरे," बाहेरून त्याच्या आईने हाक मारली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नात क्लासला गेलीय, एवढंच. "लॅपटॉप मोकळा असला तर माझं कीर्तन लावून दे रे. काल भक्त देवाच्या दाराशी येऊन उभा राहिला, तिथेच थांबलंय."

त्याने लॅपटॉप जवळ ओढला.

आजीचं खातं! याच लॅपटॉपवर त्याने ते उघडून दिलं होतं, देवाची गाणी, कीर्तनं ऐकण्यापुरतं. त्याला पासवर्डच नव्हता. देवाचं नाव ऐकायला कसलं कुलूप लावतोस, असं म्हणून आईने तो ठेवूच दिला नव्हता. त्या खात्यातून लेकीचं काहीही दिसत नसे. पण दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधली भोकं शोधण्यावरच त्याचं पोट होतं, आणि या लॅपटॉपच्या सिस्टिममधलं एक भोक खुद्द त्यानेच शोधून काढलं होतं.

छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम. तो मालकाच्या अधिकाराने चालायचा. त्याला एकाच क्षणी 'छाप' आणि 'नको छापू' असं सांगितलं की तो गांगरायचा, आणि त्या गांगरण्यात समोर कोण आहे ते न बघता मालकीच्या किल्ल्या हातात ठेवायचा. ओसरीवर टेकलेल्या पाहुण्याला सगळं घर मोकळं. कंपनीने त्याचे आभार मानले होते आणि भोक बुजवणारं अपडेट जगभर धाडलं होतं. त्याचं नाव त्यात छापलं होतं. महिनाभर तो लेकीच्या मागे लागला होता, ते याच अपडेटसाठी.

"जमेल?" बायकोने विचारलं. सगळं तिला कळलं नव्हतं, पण त्याच्या बोटांची घाई कळली होती.

"प्रोग्रॅम गांगरला तर कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून कागद येणार नाही. कागद आला नाही की समज, आत शिरलो."

अपडेट झालंय की नाही, हे बघायला एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर त्याने ते सगळ्यात आधी बघितलं असतं. आज ती ओळ लिहायचा त्याला धीर झाला नाही. त्याने डोळे मिटले. देवाकडे आजवर त्याने लेकीसाठी पुष्कळ मागितलं होतं, शहाणपण, आरोग्य, थोडी शिस्त. आज त्याने मागितलं, देवा, तिने माझं ऐकलेलं नसू दे. एवढ्या एका वेळी नसू दे.

त्याने कळ दाबली.

प्रिंटर घरघरला. कोरा कागद बाहेर आला.

"पहिल्या फटक्यात नाही होत," तो घाईने म्हणाला. "वेळ अचूक जुळावी लागते."

पुन्हा दाबली. कोरा कागद. पुन्हा. कोरा कागद. बाहेरून आईने विचारलं, "काय छापताय रे एवढं?"

मग त्याने ती ओळ लिहिली.

बायको त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. "काय म्हणतंय ते?"

"अपडेट झालंय."

"कधी?"

"काल संध्याकाळी." त्याने वेळ पुन्हा वाचली. "भांडण झाल्यावर."

"म्हणजे हो?"

"म्हणजे तिने ऐकलं गं माझं."

त्याने पुन्हा कळ दाबली, मग पुन्हा, दार बंद आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस दार वाजवत राहतो तशी. प्रिंटर गांगरत नव्हता, सांगितलेलं काम चुकवत नव्हता. कागद एकामागून एक जमिनीवर घसरत होते.

बायको खाली बसली. एकेक कागद उचलून ती दोन्ही बाजूंनी बघू लागली, काही लिहिलंय का.