टाळूवरचा वास

हवालदारबाईंनी वास घेणारं यंत्र ओसरीवर ठेवलं. "आत्यांच्या अंगावरचं कापड द्या. वास कळला की हे गावभर हुंगत थेट त्यांच्यापाशी जाईल."

ऋजुताच्या नवऱ्याच्या आत्या कालपासून घरात नव्हत्या. ऋजुताने बाळाला कडेवर सावरत त्यांची साडी दिली.

"हिच्यात तुमचाच वास जास्त आहे की हो!" यंत्राचा पडदा बघत हवालदारबाई म्हणाल्या.

"माझीच जुनी आहे. त्यांना दिलेली."

शाल सासूबाईंची निघाली, पांघरूण नवऱ्याचं.

"इतकी वर्षं राहतात इथे, अन् स्वतःचं काहीच नाही?"

ऋजुताला मान वर करवेना. तेवढ्यात यंत्र आपणहून बाळाच्या डोक्याकडे वळलं. हवालदारबाईंनी पडदा पाहिला.

"इथे दोघांचाच वास आहे. एक बाळाचा, दुसरा तुमचा नाही. याची टाळू कोण भरतं?"

"आत्या," ऋजुता पुटपुटली. "रोज सकाळी. कालही भरून गेल्या."

"मग सापडतील. बाळाला आता आंघोळ घालू नका, हा वास पुन्हा लागेल."

यंत्र फाटकाबाहेर पडलं. बाळ आत्यांसाठी रडू लागलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला ऋजुताने हात उचलला आणि तो वास पुसला जाईल म्हणून तसाच मागे घेतला.