सकाळचा आवाज

"ताईंना ताप आलाय, म्हणून आज मी तुमच्या भेटीला आलेय," नवी रेडिओवर म्हणाली. ताईंनी डोक्यावरचा टॉवेल काढला आणि वाफेचं भांडं बाजूला सारलं.

एकोणीस वर्षं या शहराला सकाळी त्यांचाच आवाज उठवत आला होता. आज घशातून नुसती फुसफुस निघत होती. नवीला रेडिओ केंद्रात येऊन चारच महिने झाले होते. सगळे तिला नवीच म्हणत.

विषय सर्दी आणि फ्लूचा. लिहिलेलंही ताईंचंच. सर्दी हळूहळू येते, फ्लू एकदम आडवा करतो. दोन्ही विषाणूंचे आजार, तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊ नका. विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, म्हाताऱ्या माणसांपासून लांब राहा.

मध्येच नवी म्हणाली, "नाक गळायला लागलं की शहाणा माणूससुद्धा किती बिचारा दिसतो," आणि हसली. हे कागदावर नव्हतं. ते छान होतं, हे ताईंना लगेच कळलं, आणि तेच त्यांना झोंबलं.

दुपारी त्यांनी बाबांना फोन केला. बाबा दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. फुप्फुसं आधीच अधू. रोज संध्याकाळी ताई त्यांचा डबा न्यायच्या, पण अंगात कणकण आल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. रजा घेऊन केंद्रातून निघतानाही त्यांच्या तोंडी एकच होतं, बाबांच्या डब्याचं कसं करू.

"सोय झालीय," बाबा म्हणाले. "तू पडून राहा."

"कोणी केली?"

"असतात चांगली माणसं. ते सोड. तुमची नवी काय गोड बोलते गं. समोर बसून बोलल्यासारखं वाटतं."

घसा दुखतोय म्हणून ताईंनी फोन ठेवला.

बुधवारी बटणरावांचा फोन आला. ते केंद्राचे तंत्रज्ञ. आवाजाची बटणं फिरवता फिरवता त्यांचं खरं नाव मागेच पडलं होतं.

"ताई, नवीसाठी नुसते फोनावर फोन येतायत. साहेब म्हणाले, तुम्हाला हवी तेवढी विश्रांती घ्या."

हवी तेवढी. हे दोन शब्द ताईंनी कितीतरी वेळ चघळले. मग उठून साडी नेसली.

अंगात ताप होता. तोंडाला मास्क लावून त्या केंद्रात शिरल्या. नवी स्टुडिओत एकटीच उद्याचं वाचत बसली होती. ताईंना पाहून ती धडपडत उठली.

"अहो ताई, कशाला आलात? काही हवं होतं तर मी घरी आले असते."

"तुझे उच्चार थोडे घसरतायत. म्हटलं, बसून सांगावं."

स्टुडिओला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. ताईंनी दार लावलं, खुर्ची नवीच्या खुर्चीला भिडवली आणि मास्क खाली ओढला. वही उघडून नवी मन लावून ऐकत राहिली. तासभर ताई घोगऱ्या आवाजात शिकवत होत्या. खोकला आला तरी त्यांनी तोंडावर हात नेला नाही. मग नवीचाच ग्लास उचलला, दोन घोट घेतले आणि जिथल्या तिथे ठेवला.

"बरं झालं आलात," निघताना नवी म्हणाली. "मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

ताई हसल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मास्क पुन्हा वर ओढला.

शुक्रवारी रेडिओवर नवीचा आवाज दोनदा चिरकला. शनिवारी तिने मधली दहा मिनिटं नुसती गाणी लावली. ताईंनी बिछान्यातच उठून बसून ते ऐकलं. त्यांचा ताप उतरला होता. बऱ्याच दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. रविवारी बाबांचा फोन आला नाही. झोपले असतील, म्हणून त्यांनीही केला नाही.

सोमवारी नवीच्या रजेचा निरोप आला आणि ताई आपल्या खुर्चीत बसल्या. आवाज स्वच्छ लागला. पहिलं वाक्य बोलताना त्यांना एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. साहेब काचेपलीकडून मान डोलावून गेले. नवीची विचारपूस करणारा फोन एकच आला. एकच, याचं ताईंना फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपवून त्या बाहेर आल्या, तर बटणराव जागेवर नव्हते; मध्येच दुसऱ्याला बसवून कुठेतरी गेले होते. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. नवी होती. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, रागावू नका. तुम्ही आजारी पडल्यापासून बाबांचा डबा मी नेत होते. ते म्हणाले, तिला सांगू नकोस, तिला कोणाचे उपकार सोसत नाहीत."

"शेवटचं कधी गेलीस?" ताईंनी विचारलं.

"गुरुवारी मी ठणठणीत होते, ताई. दोन तास गप्पा मारत बसलो. रात्रीच मला ताप भरला. मग तीन दिवस शेजारच्यांकडून डबा पाठवला, आज बटणरावांना पाठवलं. ते आत्ता दाराबाहेर उभे आहेत. म्हणतायत, आतून मघापर्यंत खोकल्याचा आवाज येत होता, तो आता थांबलाय."