सातचा पाढा

"पाय हलवायचे नाहीत," साहेब म्हणाले. "नुसतं तोंडानं म्हण."

वैष्णवी फळ्यासमोर उभी राहिली. सांगोल्याहून तपासणीला आलेले साहेब खुर्चीत, तक्रार करणारे कोंडीबा दारात. 'शाळेत पोरं शिकत न्हाईत, नुसती नाचत्यात,' असा अर्जच त्यांनी दिला होता. आता या पोरीला सातचा पाढा आला नाही, तर पूनम मॅडमचा नाच आजपासून बंद.

मॅडमच्या वर्गात सातचा पाढा म्हणजे सात पावलं, एक गिरकी, परत सात पावलं. गिरकी संपली की आकडा आपोआप तोंडात. वर्षापूर्वी स्वतःचं नाव न सांगणारी वैष्णवी आता असा पाढा म्हणायची, की माळावरची मेंढरं चरायची थांबून माना डोलवायची.

"सात एके सात," वैष्णवी म्हणाली. "सात दुणे..."

अडली. मॅडमच्या मुठीला असा घाम सुटला, की आतल्या खडूची कणीक झाली.

"सात दुणे?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

वैष्णवीचा अंगठा फरशीवर हलला. तिनं तो दाबून धरला. दाबलेलं पाऊल गुडघ्यात चढलं, गुडघ्यातनं कमरेत, आणि पोरगी नखशिखांत थरथरायला लागली. वरचे पत्रे वाजले. कपाटावरचा पृथ्वीचा गोल आपला आपण दोनदा फिरला.

खिचडी शिजवणारी तानाबाई पातेलं घेऊन दारात आली होती. तिनं पोरीकडं बघितलं, मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. मग पातेलं खाली ठेवून कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला.

"बिरुदेव आला," ती म्हणाली. "सायब, बूट काढा."

साहेबांनी बूट काढले. कोंडीबा तर आडवेच झाले. तानाबाईनं पोरीच्या कपाळाला भंडारा लावला, उरलेला साहेबांच्या डोक्यावर टाकला आणि पोरीच्या कानाशी वाकली.

"नाच की गं बाय."

पाय सुटले. सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, एका दमात सत्तरपर्यंत. साहेबांचे हात जोडलेले ते जोडलेलेच.

"मॅडम, नाच चालू राहू द्या," ते हळूच म्हणाले. "बंद करायचं पाप माझ्या माथी नको." आणि बूट हातात घेऊनच गाडीकडं गेले.

पोरं ताटं घेऊन बसल्यावर मॅडमनं विचारलं, "मावशी, खरंच देव आला होता?"

"देवाला पाडं कुटं येत्यात?" तानाबाई खिचडी वाढत म्हणाली. "त्यो मेंढरं बी मोजत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीवर नऊ बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं कोंडीबा, कुशीत आजारी कोकरू.

"ह्येचं काय व्हईल, तेवढं पोरीला इचारायचं हाय," ते म्हणाले. "पाय हलू द्या, मग इचारतो."

तानाबाई पातेलं घेऊन तिथंच थांबली. कमरेची पिशवी तिनं पदराआड घेतली.

आत मॅडमनं टाळी वाजवली. पोरं पावलं टाकायला लागली. वैष्णवी एकटी पाय जुळवून उभी होती.

"सात एके सात," ती म्हणाली, आणि पायरीकडं बघत गप्प झाली.

तिचा अंगठासुद्धा हलत नव्हता.